मदत हवी आहे: रोल कास्ट २५ फुटांपुढे उलगडत नाही

नमस्कार. पाठीमागे दाट झाडी असल्यामुळे जिथे डोक्यावरून कास्ट करणे (लाइन फेकणे) शक्य नाही, अशा काठांसाठी मी फ्लाय फिशिंगमधला (कृत्रिम माशी वापरून करायच्या मासेमारीतला) रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न फेकता पाण्यावरूनच पुढे उलगडण्याची पद्धत, शिकत आहे. माझी काठी ९ फुटी, ५ वेटची (५ क्रमांकाच्या वजनाच्या लाइनसाठीची) असून तिच्यावर वेट-फॉरवर्ड लाइन (पुढचा भाग जाड व जड असलेली) आणि ९ फुटी लीडर (लाइनच्या टोकाला बांधलेला बारीक दोरा) आहे. काठीचे टोक पाण्यालगत ठेवून मी लाइन सावकाश मागे ओढतो, हात कानाच्या उंचीपर्यंत आणतो आणि मग सगळा जोर लावून काठी पुढे, पाण्याच्या दिशेने आणतो. २५ फुटांपर्यंत काम भागते. त्यापुढे मात्र लूप (हवेत उलगडत जाणारे लाइनचे वळण) टोपलीएवढा गोल होतो, मध्येच खाली बसतो आणि लीडरचा गुंता लाइनच्या टोकावर येऊन पडतो. जोर वाढवला की गुंताही वाढतो. हिरवळीवर सराव केला, तर लाइन नुसतीच घसरत येते. दोष हाताचा आहे की लाइनचा, आणि मागे नेमके किती थांबावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद: आपला जोर कमी पडत नाही, तो पाण्यात जातो आहे. 'पाण्याच्या दिशेने' हे आपलेच शब्द पाहा. काठीचे टोक खालपर्यंत वळत गेले की लूपही तसाच गोल होतो. हात हळू सुरू करून वेग वाढवत न्यावा आणि टोक डोक्याच्या वरच असताना काठी खाडकन थांबवावी. थर्मामीटरमधला पारा उतरवताना शेवटचा थांबा नसेल तर नुसत्या हात हलवण्याने पारा उतरत नाही. इथेही तसेच आहे.

मागे थांबण्याची घाई मुळीच नको. लाइनचे टोक पाण्यावर टेकलेले असल्यामुळे, काठीमागे तिचे पोट लोंबून इंग्रजी 'डी'चा आकार दिसेपर्यंत निवांत थांबता येते. पुढे फार लाइन पसरलेली राहिली, तर ती पाण्यातून सोडवण्यातच ताकद संपते. अर्थात लाइनला पाण्याची थोडी पकड हवीच, आणि हिरवळ ती देत नाही. म्हणून तिथे लीडरच्या टोकावर एखादे जाड पुस्तक ठेवून सराव करावा. लाइन काठीच्या बाहेरच्या अंगाला पडलेली असावी आणि कास्ट तिच्या आतल्या बाजूने जावा, नाहीतर दोन्ही एकमेकींना छेदतात. उजव्या हाताने कास्ट करत असताना वारा उजवीकडून असेल, तर हात छातीसमोरून नेऊन डाव्या खांद्यावरून कास्ट करावा.

लाइनबद्दलची शंकाही अगदीच निराधार नाही, पण ती अडचण आपल्या अंतरापेक्षा बरीच पुढे येते. वेट-फॉरवर्ड लाइनचा जाड भाग साधारण ३० ते ४० फुटांचा असतो आणि त्यामागची बारीक लाइन काठीच्या टोकाबाहेर आली की ती जाड भागाला उलटवू शकत नाही. बऱ्याच लाइनींवर तिथे रंग बदलतो, तेवढी खूण लक्षात ठेवावी. सतत लांब रोल करायचे असतील तर डबल-टेपर लाइन (दोन्ही टोके निमुळती आणि मधला लांब भाग सारखा जाड असलेली) बरी.

धागाकर्ता: मनःपूर्वक आभार. काठी वर थांबवल्यावर लूप अरुंद झाला आणि लीडर सरळ पडू लागला. आता वजनदार निम्फ (पाण्यात बुडणारी, कीटकाच्या अळीसारखी कृत्रिम माशी) बांधला की तोच कास्ट पुन्हा कोसळतो.

प्रतिसाद: बुडालेला निम्फ एकाच कास्टमध्ये उचलू नये. आधी एक छोटा रोल टाकून तो पृष्ठभागावर आणावा आणि तो परत बुडायच्या आत खरा कास्ट सुरू करावा. निवांत थांबायचा नियम एवढ्यापुरता बाजूला ठेवावा.