मदत हवी आहे : नेत्याला देव करणारी गाणी मुलांना कशी समजावू?

दर्यापूरकडच्या एका गावात मी आठवीला शिकवते. उत्तर कोरियाचा विषय निघाला. तिथले दिवंगत नेते किम जोंग इल १९४२ साली पेक्तू पर्वतावर जन्मले आणि आकाशात दुहेरी इंद्रधनुष्य उमटलं, असं तिथलं सरकार सांगतं. सोव्हिएत नोंदींत मात्र जन्म १९४१चा, तोही रशियातला! नेत्याच्या थोरवीची गाणी तिथे लहानपणापासून पाठ करून घेतात.

एक पोट्टं म्हणालं, "मॅडम, आपल्या इथं प्रचाराच्या गाडीवर वाजते तसंच का?" भाऊच्या पावलानं विहिरीला पाणी लागते, असं गाणं त्यानं म्हणूनही दाखवलं. मला उत्तर सुचलं नाही.

आमच्याकडे तुकडोजी महाराजांची खंजिरी घराघरांत. भजनातली भक्ती वेगळी आणि नेत्याची आरती वेगळी, हे कुणाच्या घरच्यांना न दुखवता कसं सांगू? असा तास कुणी घेतला असेल तर सुरुवात कुठून केली, कृपया लिहा. शनिवारी पुन्हा तास आहे.