पुरात आईची शिवणाची केबिन (टपरी) गेली, नवरात्र तोंडावर, काय करावं? (बडोदा)

समारोडवाली: नमस्कार मंडळी. बडोद्यातल्यांना पुराचं वेगळं सांगायला नको, विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 25 फूट आणि या 2024 च्या ऑगस्टअखेर पाणी गेलं 37 फुटांपर्यंत. आईची शिवणाची केबिन समा भागातल्या नाक्यावर, छातीभर पाणी होतं आत. शिवणाचं मशीन, इंटरलॉक, पिकोचं, सगळं चिखलात. त्यात लोकांचे कपडे, ब्लाउजपीस, एकीची पैठणी फॉलला आलेली!! बाबा गेल्यापासून घर त्या केबिनवरच चाललंय, माझा पगार भाड्यात जातो. एरवी या दिवसांत चनियाचोळीच्या ऑर्डरींमुळे आईला जेवायला फुरसत नसते, आता म्हणतेय बास झालं, नाही जमायचं. ओळखीतला एकजण महिना 3 टक्क्यांनी पैसे देतोय. घ्यावेत का?

टाकेटिपे: अगं आधी सांग, मशीनची मोटर चालू करून बघितलीत का? नसेल तर अजिबात नको, मेकॅनिकने खोलून सुकवल्याशिवाय प्लग लावायचा नाही, वाइंडिंग जळतं. मोटर काढून ठेवा आणि बाकी मशीनचा चिखल साध्या पाण्याने धुवा, मग रॉकेल, मग मशीन ऑइल, हे आजच, कारण गंज शटलमध्ये आणि दातांत आधी धरतो आणि मग टाके सुटतात. लाकडी पाट फुगला असेल तर तो गेला, नवीन घ्या. पायाचं मशीन असेल तर सोन्याहून पिवळं, त्यावरच सुरू करा.
आणि कपड्यांचं. गिऱ्हाइकांचे फोन यायची वाट बघू नका, तुम्हीच करा. पैठणी घरी धुऊ नका हं, जरीचा काठ काळा पडतो आणि रंग उतरला तर तो आळ तुमच्यावर, तिला विचारून ड्रायक्लीनला द्या. कॉटनचे पीस धुऊन इस्त्री करून परत. जे गेलं त्याचे पैसे लगेच नाही जमले तर शिलाईत वळते करा, बहुतेकींच्या घरातही पाणी होतंच की, समजून घेतात.

पासबुक: मी बँकेत आहे. महिना 3 म्हणजे वर्षाला 36 टक्के, हात लावू नका. आईंनी मशीनसाठी बँकेचं कर्ज घेतलं होतं का? असेल तर पासबुकात इन्शुरन्सच्या नावाने पैसे कापलेत का बघा, बऱ्याचदा बँक परस्पर विमा उतरवते आणि लोकांना पत्ताच नसतो. असल्यास सर्व्हेअर येईपर्यंत खराब माल फेकू नका, फोटो काढा.
राज्य सरकारच्या या पुरासाठीच्या पॅकेजमध्ये लारीला (हातगाडीला) 5,000, 40 चौरस फुटांपर्यंतच्या केबिनला 20,000, त्याहून मोठीला 40,000 आहेत, तेव्हा केबिन आधी नीट मापून घ्या. पक्क्या दुकानांचं वेगळं आहे. शिवाय पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 कामांत शिंपीकाम आहे, अवजारांसाठी 15,000 चं व्हाउचर आणि 5 टक्क्यांनी पहिलं 1 लाखाचं कर्ज, नोंदणी सीएससी सेंटरवर (सरकारी योजनांचे अर्ज भरतात तिथे). मुद्रा योजनेचं कर्ज आधी घेतलं असेल तर ते पूर्ण फिटलेलं लागतं. पण हे नवरात्रीआधी हातात येईल असं धरू नका.

जुना बडोदेकर: मी म्हणतो जागाच बदला. 2019 ला पण पाणी भरलं होतंच ना तिकडे? आमच्या गल्लीत तर मगर आली होती तेव्हा, लोक काठी घेऊन फोटो काढत होते.. दांडियाबाजारात वरच्या मजल्यावर एखादी खोली बघा.

टाकेटिपे: काका, भाडं कोण देणार? आणि आईंची गिऱ्हाइकं समातली, ती ब्लाउजच्या मापासाठी दांडियाबाजारात येणार नाहीत. फार तर केबिनमध्ये उंच फळी मारा, मशीनची डोकी पावसाळ्यात रात्री वर ठेवायची. या वर्षी नवीन चनियाचोळ्या घेऊच नका, फक्त फिटिंग, लटकन, नाडी आणि फाटलेलं शिवणं. लहान काम, रोख पैसे, कापड गिऱ्हाइकाचं. आई घरी बसून करू शकतील.

समारोडवाली: थँक यू सगळ्यांना. कर्ज होतं, मुद्राचं, मागच्या वर्षी फिटलं, म्हणजे विम्याचं काही नसणार पण पासबुक काढते. मोटर लावलेली नाही. केबिन मापली, आठ बाय सहा, 48 होतात! फिटिंगचं आईला सांगितलं तर म्हणे त्यात काय मिळतं, पण मघापासून कात्रीला तेल देतेय. पैठणीवालीला आता फोन करते. मेकॅनिक कोणी घरी येणारा असेल तर मेसेज करा, इंटरलॉक दोघींना उचलत नाही.