'हो' वरचा ठिपका आधीच लावलेला असतो, तो तसाच ठेवावा का?

मास्तर_सक्करदरा
आमची छोटी अभ्यासिका आहे, एमपीएससीवाल्या पोरांची. चौदा जुने कॉम्प्युटर, बहुतेक चार जीबी रॅमचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. नवीन मशीन घ्यायची ऐपत नाही. उबुंटू २२.०४, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टीम, तिची पेनड्राइव्ह पडूनच होती, दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांवर तेच टाकलं.

पहिल्यांदा लॉगिन केलं की विचारते, मशीनची माहिती कॅनॉनिकलला, म्हणजे उबुंटू बनवणाऱ्या कंपनीला, पाठवायची का? 'हो' वर ठिपका आधीच. मी आपला 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत सुटलो. सातव्या मशीनपाशी एक पोरगी उभी होती. म्हणाली, "सर, आमचं काय पाठवून राहिले तुम्ही?" मला सांगता आलं नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं. विचारायचं तर उत्तर 'नाही' धरून विचारा. ज्याला द्यायचं तो देईल.

तर्रीपोहे
मास्तर, उगाच बाऊ करून राहिले तुम्ही. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा, 'उबुंटू-रिपोर्ट शो' मारा. जे जाते ते अक्षर न् अक्षर समोर येते. कंपनी, मॉडेल, प्रोसेसर, रॅम, डिस्क, स्क्रीन, भाषा. टाइमझोन म्हणून काय लिहिलं असते? एशिया/कोलकाता. नागपूर तर सोडाच, महाराष्ट्रही कळत नाही त्यातून!

आणि आपल्या फायद्याचं बोला. चार जीबीवाले सगळे 'नाही' म्हणाले तर तिकडे बसलेल्यांना वाटेल की दुनियेत सगळ्यांकडे सोळा जीबी आहे. मग पुढचं व्हर्जन तुमच्या मशीनवर रांगत चाललं की इथंच येऊन रडाल.

धंतोलीची_प्राजक्ता
तर्रीभाऊ, २०१२ विसरलात वाटतं. उबुंटू १२.१० मध्ये डॅशमध्ये, म्हणजे शोधायच्या चौकटीत, स्वतःच्याच डिस्कवरची फाइल शोधायला टाइप केलं, की ते शब्द कॅनॉनिकलच्या सर्व्हरला जायचे आणि खाली ॲमेझॉनचा माल दिसायचा. फ्री सॉफ्टवेअर चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला सरळ हेरगिरी म्हटलं होतं. आपोआप चालू राहणं थांबलं ते १६.०४ मध्ये, म्हणजे २०१६ ला. उबुंटूचा कोड तेव्हाही उघडाच, म्हणजे कोणालाही वाचता येणारा, ओपन सोर्स होता बरं का.

माझा मुद्दा एवढाच आहे. घरातून डब्यात काय भरून गेलं ते ओपन सोर्समुळे दिसतं. पलीकडे तो डबा कोणी उघडला, किती दिवस ठेवला, ते नाही दिसत. आयपी ॲड्रेस, म्हणजे मशीनचा इंटरनेटवरचा पत्ता, साठवत नाही म्हणतात कॅनॉनिकलवाले. असेलही खरं. पण तिथे कोड वाचून खात्री करता येत नाही, शब्दावर विश्वास ठेवावा लागतो.

इतवारीचा_संत्रा
ताई, मग आकडे आणायचे कुठून? ग्नोमने, म्हणजे उबुंटूत दिसणारा डेस्कटॉप बनवणाऱ्यांनी, २०२२ मध्ये अगदी तुमच्या पद्धतीने विचारलं. ज्याला वाटेल त्याने स्वतः टूल टाकून माहिती पाठवावी. आले सुमारे अडीच हजार जण, त्यातले निम्म्याहून जास्त फेडोरावाले, म्हणजे उबुंटूसारखीच दुसरी सिस्टीम वापरणारे. हौशी लोकांची जत्रा झाली ती, वापरणाऱ्यांची मोजणी नव्हे. सक्करदऱ्याची अभ्यासिका त्यात कुठून येणार?

धंतोलीची_प्राजक्ता
डेबियन या तशाच सिस्टीमचा पॉपकॉन, म्हणजे वापर मोजणारं टूल, बघा ना. इन्स्टॉल करताना विचारतात, उत्तर 'नाही' वरच असतं, तरी लोक देतात. कोणत्या पॅकेजला किती वापर, याचा अंदाज त्यावरून घेतातच की ते.

आणि २०१८ मध्ये कॅनॉनिकलने मोठ्या कौतुकाने सांगितलं की ६७ टक्के लोक 'हो' म्हणाले. ठिपका आधीच लावलेला, त्यात किती जण म्हणाले आणि किती जण मास्तरांसारखे नेक्स्ट दाबत गेले? मला तर उरलेल्या ३३ टक्क्यांचं जास्त वाटतं. त्यांनी मुद्दाम थांबून ठिपका हलवला. २०२३ च्या आपल्या डेटा कायद्यातही संमती म्हणजे स्पष्ट, स्वतःहून केलेली कृती, असंच आहे.

तर्रीपोहे
कायदा वैयक्तिक डेटासाठी आहे, ताई. रॅमच्या पट्टीला कुठली आली गोपनीयता?

बर्डीचा_वकील
मध्येच तोंड घालतो. गोपनीयता मूलभूत हक्क आहे हे २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, आणि त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते. एवढी तरी लाज राखा राजेहो!

इतवारीचा_संत्रा
वकीलसाहेब, अभिमान आम्हालाही आहे. पण तो खटला आधारच्या वादातून निघाला होता, सरकार विरुद्ध नागरिक. तो निकाल रॅमच्या पट्टीवर कशाला घालता?

आधारवरून आठवलं. मास्तर, राग मानू नका. प्रवेश देताना पोरांच्या आधारच्या झेरॉक्स घेता की नाही? कुठे ठेवल्या?

मास्तर_सक्करदरा
टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. कुलूप बिघडलं आहे.

इतवारीचा_संत्रा
घ्या!

धंतोलीची_प्राजक्ता
ड्रॉवर उघडा आहे म्हणून ठिपक्याचा प्रश्न मिटत नाही. दोन्ही दुरुस्त करा. आणि मास्तर, सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत 'कनेक्टिव्हिटी' पण बघा. इंटरनेट चालू आहे का हे तपासायला मशीन सारखं कॅनॉनिकलच्या सर्व्हरला टकटक करत असतं. हे काम करणाऱ्या नेटवर्क मॅनेजर या प्रोग्रॅमचा नेहमीचा वेळ पाच मिनिटांचा. रिपोर्ट एकदाच जातो, त्यावर आपण इतके भांडतोय. ही टकटक मात्र कोणी न विचारताच सुरू होते.

तर्रीपोहे
ती टकटक वायफायच्या लॉगिन पानासाठी लागते. पण हो, याचं कोणी विचारलं नाही हे मान्य. ठिपक्याच्या बाबतीत मी अजूनही 'हो' च ठेवीन.

मास्तर_सक्करदरा
आज तर्रीभाऊंचं ऐकून सातव्या मशीनवर तो रिपोर्ट काढला, प्रिंट मारून नोटीस बोर्डावर लावला. पोरांनी घोळका केला. त्याच पोरीने एका ओळीवर बोट ठेवलं, ऑटोलॉगिन : ट्रू. "सर, म्हणजे पासवर्डच नाही ना? माझं मेल उघडं राहिलं होतं परवा."

चौदाही मशीन तशाच आहेत, मीच केल्या होत्या, सोय म्हणून. ड्रॉवरचं कुलूप उद्या बदलतो. ठिपक्याचं म्हणाल तर पोरांना विचारलं. नऊ जण 'नाही', चार जण 'काहीही करा'. ती पोरगी म्हणाली, "माझ्या मशीनचं पाठवा, रॅम कमी आहे हे कळू द्या त्यांना."

आता पासवर्ड चौदा वेगळे ठेवू का एकच?

तर्रीपोहे
एकच ठेवाल तर फळ्यावर लिहून ठेवाल, मास्तर.