चौथी सुटणाऱ्या सात पोरांना निरोप कसा द्यावा?

चौथीतल्या पोरीची माय (यवतमाळ जिल्हा), १२ एप्रिल

नमस्कार. आमचं गाव पांढरकवड्याकडचं, लहान. जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते चौथी, पट ३१, दोन शिक्षक. माझी धाकटी यंदा चौथीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे.

सध्या सकाळची शाळा चालू आहे. पोट्टे सातला जातात, खिचडी खाऊन येतात. पत्र्याखाली अकरानंतर बसवत नाही. आता पेपर होतील, १ मेला झेंडावंदन झालं की निकाल वाटतील आणि सुट्ट्या लागतील. चौथीत सात जण आहेत, चार पोरी आणि तीन पोरं. त्यांची ही शाळा त्याच दिवशी सुटणार. पाचवी शेजारच्या मोठ्या गावात, पाच किलोमीटरवर.

समितीने घरटी ५० रुपये गोळा केले, ४,३०० जमले. आता त्याचं काय करावं यावर रोज बोलणं चालू आहे. तरुण पोरं म्हणतात स्टेज बांधू, डीजे लावू. बाया म्हणतात रोडगे आणि वांग्याची भाजी करू, सगळं गाव जेवेल. सर म्हणतात उन्हाचे दिवस आहेत, प्रमाणपत्र देऊन अर्ध्या तासात मोकळं करू. तिघांचंही मला पटतं.

पण माझ्या मनात वेगळंच चालू आहे. मी १९९६ साली चौथी पास झाले. बाईंनी निकाल हातात दिला, पाठीवरून हात फिरवला, शाळा संपली. दाखला बाबांनी पेटीत ठेवला. पाऊस पडला, पेरण्या झाल्या, निंदणाची घाई आली, मी आईसोबत वावरात जाऊ लागले. पोळा आला तेव्हा कुणालातरी आठवलं की हिचं पाचवीत नावच घातलं नाही. वर्षभर घरी राहिले. दुसऱ्या वर्षी मामा आले, पेटीतून दाखला काढून मला घेऊन गेले, म्हणून दहावीपर्यंत शिकले. माझ्या वर्गातल्या दोघी मात्र कायमच्या घरी राहिल्या. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. कुणी नेलंच नाही.

यंदाच्या सातांमध्ये दोघांची मला धाकधूक आहे. एका पोरीला दोन वर्षांचा भाऊ आहे आणि तिची आई मजुरीला जाते. मी विचारलं तर म्हणाली, "पाठवतो ना बाई, पन लहान्याले कोण पायन?" दुसरा एक पोरगा, त्याचे मायबाप विटाभट्टीवर जातात. यंदा त्यालाही सोबत नेणार म्हणतात.

तर निरोपाचा कार्यक्रम कसा करावा, कधी करावा, आणि त्यातून ही सात पोरं पाचवीच्या वर्गात बसतील यासाठी काय करता येईल? ज्यांच्या गावात हे केलं असेल त्यांनी सांगावं.

जुने गुरुजी (भंडारा जिल्हा), १३ एप्रिल

ताई, तुमचं वाचून मला माझ्या हातून गेलेली पोरं आठवली. ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली १९ चौथीपर्यंतच्या शाळांमध्ये. सुरुवातीची काही वर्षं मीही दाखला देऊन मोकळा व्हायचो. आपलं काम झालं असं वाटायचं.

कार्यक्रम १ मेला ठेवू नका. त्या दिवशी माणसं झेंड्याला येतात आणि लगेच लग्नाला नाहीतर कामाला निघतात. आमच्याकडे तर जंगलात तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, तोडणं सुरू झालं की पहाटे चारला घरं रिकामी. पेपर झाले की दोन-तीन दिवसांत, ऊन उतरल्यावर, शाळेच्याच पटांगणात घ्या. सहा वाजता माणूस बसू शकतो.

दुसरं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ती मोठ्या गावची शाळा चालू आहे तोवर सातही पोरांना तिथे एकदा घेऊन जा. सुट्टीत नव्हे, शाळा भरलेली असताना. माझ्या एका शाळेत मी हे पाचएक वर्षं केलं. पोरांना नवीन शाळेची भीती कशाची असते हे त्यांना विचाराल तर सांगणार नाहीत. तिथे नेलं की कळतं. एकीला नळ कुठे आहे ते माहीत नव्हतं, एकाला वाटत होतं तिथे चपला घातल्याशिवाय बसू देत नाहीत. चपला नाहीत म्हणून तो पोरगा जूनमध्ये गेलाच नसता.

पाचवीच्या वर्गशिक्षकांना पोरांची नावं पाठ होऊ द्या. शाळा उघडल्यावर त्यातलं एक दिसलं नाही तर त्यांनी फोन करावा, एवढी ओळख करून या. रोडग्यांना माझं मत आहे. गाव जेवायला आलं की गावाला कळतं कोणती सात पोरं पुढे जाणार आहेत.

पहिल्या बाकावरचा (वाशीम जिल्हा), १५ एप्रिल

डीजे नको म्हणाल तर कबूल, पण नाचाला नाही म्हणू नका ताई. आमच्या गावात काल जयंतीची मिरवणूक झाली, शाळेतली पोरं तीन तास नाचली. शाळेत गॅदरिंगला पैसे नाहीत म्हणून चार वर्षांत एकदाही त्यांना लोकांसमोर उभं राहायला मिळालेलं नाही. तुमच्याकडेही जयंतीचा साउंड बॉक्स असेलच, मंडळाच्या पोरांना मागा, शाळेसाठी म्हटलं तर पैसे घेणार नाहीत. आणि तरुण पोरांना काहीतरी काम द्या, नाहीतर ती बाजूला उभी राहतील.

चंद्रपूरची बाई, १५ एप्रिल

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. कागदांचं सांगते, कारण पोरं पुष्कळदा तिथेच अडकतात.

आताच, शाळा उघडी आहे तोवर, सातही जणांचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख दाखल-खारीज रजिस्टरमधून काढून आधार कार्डाशी जुळवून पाहा. एखादी वेलांटी इकडची तिकडे असते आणि पुढे दहावीच्या फॉर्मपर्यंत ती त्रास देते. दुरुस्ती असेल तर दाखला निघण्याआधी करून घ्या.

दाखला शाळेने लगेच द्यायचा असतो. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५. आणि दाखला यायला उशीर झाला तरी नवीन शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हेही त्याच कलमात आहे. विटाभट्टीवर जाणाऱ्या पोराच्या आईवडिलांना हे समजावून सांगा. ते जिथे जातील तिथल्या शाळेत त्याला बसवता येतं.

त्याच्यासाठी आणखी एक. यूडायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, पोराचा कायमचा नंबर असतो. शाळेतून नाव निघालं आणि दुसऱ्या शाळेने ते घेतलं नाही की ते 'ड्रॉपबॉक्स'मध्ये पडून राहतं. तुमच्या सरांना म्हणा, जुलैत एकदा उघडून बघा. तिथे नाव दिसलं म्हणजे पोरगं कुठेच दाखल नाही. नंबर कागदावर लिहून आईच्या हातात द्या, फोन हरवतात.

पोरींना पाचवीपासून एसटीचा मोफत पास आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून. पोरांना सवलतीचा, तिकिटाच्या एक तृतीयांश पैशांत. पास हल्ली शाळेतच देतात, त्यासाठी नवीन शाळेच्या मुख्याध्यापकांनी आगाराकडे यादी पाठवायची असते. तुमच्या रस्त्यावर मानव विकास मिशनची, शाळेच्या पोरींसाठीची निळी बस येते का ते बघा, आणि तिची वेळ शाळेच्या वेळेशी जुळते का तेही. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या पोरींना पाचवीपासून सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती असते. केंद्रप्रमुखांना वाहतूक भत्त्याचंही विचारा.

कायद्याने पाचवी प्राथमिकमध्येच मोडते आणि ती एक किलोमीटरच्या आत असायला हवी. समितीत ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाचवीचा वर्ग मागा. समितीत ७५ टक्के पालक असतात, त्या ठरावाला वजन असतं. पण या जूनमध्ये वर्ग मिळेल असं धरून बसू नका, बसची सोय आधी करा.

कार्यक्रमाबद्दल एकच सुचवते. पहिलीत येणाऱ्यांचा शाळापूर्व तयारी मेळावा तुमच्याकडेही एप्रिलमध्येच असेल. त्यातले टेबल चौथीच्या पोरांना सांभाळायला द्या. आमच्याकडे एक पोरगी सबंध सकाळ लहान्यांना मणी मोजायला शिकवत होती. वर्गात कधी तोंड उघडत नसे.

फळीवरची (गडचिरोली जिल्हा), १६ एप्रिल

दोन वर्षांच्या भावाचं मी सांगते, आमच्या घरात हेच झालं. पोरगी शाळेत नाही गेली तर आईला वाटतं एक मजूर मोकळा झाला. तेंदूच्या दिवसांत लेकरू घरी कोणाजवळ ठेवायचं हाच प्रश्न असतो. पानं आणायची, सत्तर-सत्तरचे पुडके बांधायचे, फळीवर, म्हणजे पानं विकायच्या जागी, न्यायचे, त्यात लहान लेकरू कसं सांभाळणार?

भावाला तीन वर्षं झाली की अंगणवाडीत बसवता येतं. तोवर शेजारच्या आजीला विचारा, तुम्ही समितीवाल्या बाया मिळून विचारा. एकट्या आईने मागितलं तर उपकार होतो, चार जणींनी मागितलं तर आजीलाही मान वाटतो. आमच्या गल्लीत अशी एक आजी तीन लेकरं बघायची. तिला आम्ही आळीपाळीने घरचं धान्य द्यायचो.

चौथीतल्या पोरीची माय, २ मे

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते लिहिते.

कागद आधी पाहिले. सातपैकी दोघांची चूक निघाली. एकाची जन्मतारीख, आणि माझ्याच पोरीच्या आईचं नाव, म्हणजे माझं. माहेरचं लागलं होतं. चार वर्षं माझ्या लक्षात आलं नाही. सरांनी दोन्ही दुरुस्त करून दिलं.

पेपर संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सातही जणांना मोठ्या गावच्या शाळेत नेलं. मी, आणखी एक आई आणि मंडळाचा एक पोरगा. निळी बस पावणेसातला फाट्यावर येते, पोरांनाही तिकीट काढून घेते. पोट्टे बसमध्ये एकमेकांचे हात धरून गप्प बसलेले. पाचवीच्या बाईंनी त्यांना बाकांवर बसवलं. आमच्या शाळेत सतरंजी आहे, बाकावर बसून लिहायची त्यांची पहिलीच वेळ. बाईंनी प्रत्येकाचं नाव विचारून फळ्यावर लिहिलं. मग एक पोरगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मोरी कुठं हाय इचारा ना." गुरुजी, तुमची आठवण आली. बाईंनी स्वतः नेऊन दाखवली, आतून कडी आहे तीही दाखवली. येताना पोरांचा बसमध्ये एवढा गलका की कंडक्टरने दोनदा दटावलं.

२९ तारखेला सांजच्याला पटांगणात कार्यक्रम झाला. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे, मोठ्या गंजात वांग्याची भाजी. मंडळाने बॉक्स दिला आणि पाण्याचा टँकरही लावला, एक रुपया घेतला नाही. पोरं आधी नाचली, मग जेवली, मग बोलली. प्रत्येकाने पुढे येऊन शाळेतली एक आठवण सांगायची होती. विटाभट्टीचा पोरगा म्हणाला, "मी लावलेला लिंब आता माह्याहून उंच झाला." आणि खाली बसला. त्याची आई पदराने डोळे पुसत होती.

आमच्या सरांची बदलीसाठी यादी लागणार आहे म्हणतात. नऊ वर्षं झाली त्यांना. ते माईकसमोर आले आणि त्यांना बोलताच आलं नाही. सगळं पटांगण चिडीचूप.

३,९५० खर्च झाले. उरलेल्या ३५० च्या वह्या आणल्या.

भाऊ सांभाळायचं असं ठरलं. आम्ही चौघी तिच्या गल्लीतल्या आजीकडे गेलो. आजी म्हणाली, "मायासंग बसन त, मले तरी कोण हाय बोलाले." पोरीची आई हो म्हणाली. विटाभट्टीचं कुटुंब काल सकाळी निकाल घेऊन, दाखला घेऊन निघालं. नंबर त्याच्या आईने पिशवीत आतल्या कप्प्यात ठेवला, माझ्यासमोर.

चौथीतल्या पोरीची माय, ६ जुलै

आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडल्या म्हणून उशिरा लिहिते. पहिल्या दिवशी फाट्यावर सहा जण होते. पाऊस होता, सहाही जणांना दोन छत्र्यांमध्ये उभं केलं. पोरींचे पास मंगळवारी मिळाले.

विटाभट्टीच्या पोराचं नाव सरांनी परवा उघडून पाहिलं. ड्रॉपबॉक्समध्येच आहे. त्याच्या बापाचा फोन लागत नाही. भट्टीच्या मुकादमाचा नंबर मंडळाच्या पोराने मिळवला आहे, आज रात्री लावणार आहे. ती बाजू नागपूरकडची आहे. त्या भागातलं कुणी हे वाचत असेल, जवळची शाळा सांगू शकत असेल, तर मला इथेच लिहा.

सरांची बदली झाली. नवीन बाई आल्या आहेत, त्यांना पाचवीच्या वर्गाच्या ठरावाचा कागद दिला.

भावाला सांभाळणारी पोरगी चार दिवस गेली, पाचव्या दिवशी बसला आली नाही. आजीला ताप आहे म्हणे. आता माझा स्वयंपाक झाला की मीच जाऊन भावाला माझ्याकडे घेऊन येते.