मदत हवी आहे : दुसऱ्या महायुद्धात बोटीबरोबर गेलेल्या खलाशाची नोंद कुठे शोधावी?

नमस्कार मंडळी,

माझ्या आईचे आजोबा 'ब्रिटिश इंडिया' या आगबोट कंपनीच्या बोटीवर खलाशी होते. गाव दाभोळ खाडीकाठचं. लढाईत बोट बुडाली आणि ते आले नाहीत, इथपर्यंत घरात सगळ्यांचं एकमत आहे. पुढे मतभेद. आजी म्हणते, बोट आफ्रिकेला निघाली होती. तिच्या चुलत भावाच्या मते विलायतेच्या वाटेवर होती.

पुरावा म्हणून ट्रंकेत इंग्रजीत टाइप केलेला एकच कागद आहे. ते बुडाले असे समजण्यात येत आहे, अशा अर्थाचं एक वाक्य, खाली १९४३ साल. बोटीच्या नावावर नेमकी वाळवी फिरलीय, शेवटचं 'ए' हे अक्षर तेवढं उरलंय. आणि या कंपनीच्या बहुतेक बोटींची नावं 'ए'वरच संपायची! म्हणजे त्याचा उपयोग शून्य.

माझा संशय 'तिलावा'वर आहे. २० नोव्हेंबर १९४२ ला ती मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली आणि २३ तारखेला जपानी पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. बोट लगेच बुडाली नाही, म्हणून होड्यांत उतरलेले काही लोक पुन्हा वर चढले. मग दुसरा टॉर्पेडो बसला. २८० माणसं गेली. तिच्यावरच्या प्रवाशांबद्दल अलीकडे बरंच लिहून आलंय, त्यांच्या वंशजांनी २०२२ मध्ये मुंबईत स्मरणाचा कार्यक्रमही केला. खलाशांबद्दल मात्र फार कमी सापडतं.

विलायतेच्या वाटेवरची म्हणाल तर 'गेरसप्पा' आहे, आपल्या जोगच्या गेरसप्पावरून नाव पडलेली. फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडच्या नैर्ऋत्येला जर्मन पाणबुडीने बुडवली. ८५ जण गेले, वाचला तो एक गोरा अधिकारी, तोही तेरा दिवस होडीत काढून. पुढे तिच्यातली टनावारी चांदी समुद्रतळातून वर काढली, त्याच्या बातम्या जगभर गाजल्या. खलाशांची नावं त्या बातम्यांत शोधायला जाऊ नका. पण ही बोट कलकत्त्याहून निघालेली, आणि कागद १९४३ चा. त्यामुळे मला ती जुळत नाही.

आता स्मारकाचं. लंडनला टॉवर हिलवर दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या सुमारे २४ हजार व्यापारी खलाशांची नावं धातूच्या पाट्यांवर आहेत. तिथे आपली माणसं शोधण्यात अर्थ नाही असं कळलं. हिंदुस्थानी खलाशांची नावं स्मरणवहीत लिहिलेली आहेत, सहा हजारांहून जास्त. त्या वहीची एक प्रत मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आणि दुसरी चितगावच्या युद्धस्मशानभूमीत. बोटी त्याच, टॉर्पेडो तेच, मग नावं वेगळी का ठेवली, हे मला अजून पटलेलं नाही. असो.

तर जाणकारांनी कृपया सांगावं :

सेलर्स होममधली ती वही कोणालाही बघू देतात का? आधी अर्ज लागतो का?

युद्धात गेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहिलं, काही लागलं नाही. त्या काळच्या कारकुनाने कोकणी नाव कसं ऐकलं असेल देव जाणे. बापाच्या किंवा गावाच्या नावावरून शोध घेता येतो का? कोणी घेतला असेल तर गावाचं स्पेलिंग काय धरलं होतं?

त्यांची नली (खलाशाच्या नोकरीची नोंदवही) घरात नाही. बॅलार्ड इस्टेटच्या शिपिंग ऑफिसात इतकी जुनी नोंद मिळते का? आणि लंडनला क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात लढाईच्या काळातल्या खलाशी-याद्या आहेत, त्यातून कोणी आपला माणूस काढलाय का?

घाई एवढ्यासाठी की आजी थकत चाललीय. तिथी माहीत नसल्यामुळे तिच्या वडिलांचं श्राद्ध आजवर सर्वपित्रीलाच होतं. बोट कळली तर तारीख कळेल, तारखेवरून तिथी काढता येईल. या पितृपक्षाच्या आत काही हाती लागावं अशी इच्छा आहे.

ता. क. : काहींनी व्यनित (खासगी निरोपात) विचारलं म्हणून, नुकसानभरपाई किंवा पेन्शनसाठी हे चाललेलं नाही. आणि कागदाचा फोटो टाकतो, पण नाव-पत्ता झाकून. खालची सही कोणाला लागली तर जरूर कळवा.