मदत हवी आहे : स्कॉटलंडमधील विणकराच्या घरासाठी मराठी शब्द

नमस्कार. स्कॉटलंडच्या अँगस परगण्यातील किरीम्यूर भागात १८६०च्या सुमारास हातमागावर लिनन (अळशीच्या तंतूंचे कापड) विणणाऱ्या घराविषयी मी लेख लिहीत असून, काही शब्दांपाशी अडलो आहे. अशा घरात बहुधा दोनच खोल्या असत. बाहेरच्या खोलीत चूल, ओटच्या लापशीचे भांडे आणि भिंतीलगत बसवलेला, दारे लावून घेता येणारा लाकडी पलंग असे. माग अनेकदा मातीच्या जमिनीवर मांडत, कारण हवेत ओल असली म्हणजे अळशीच्या तंतूंचा धागा कमी तुटतो. शेजारी बायको किंवा मुले चाकावर बाण्याचे, म्हणजे आडव्या धाग्याचे, सूत गुंडाळत बसत. आपले विणकर ज्याला ‘कांड्या भरणे’ म्हणतात तोच शब्द येथे चालेल का, हे सोलापूर-इचलकरंजीकडील जाणकारांनी कृपया सांगावे. त्या पलंगाला ‘कपाट-पलंग’ म्हटले तर मला आजच्या दुकानातले फर्निचर आठवते. याहून बरा शब्द कोणी सुचवील काय? शिवाय १८६१च्या तेथील जनगणनेत घरातील खिडकी असलेल्या खोल्या मोजल्या होत्या; त्या रकान्याला नुसते ‘खिडकीच्या खोल्या’ म्हटल्यास अर्थ नीट पोचतो का?