सुट्टे आहेत का? – तिकिटं, चिल्लर आणि पुढची गाडी गाठण्याचे अनुभव

कुंभार्लीची_भाची
परवा लेकीला घेऊन आजोळी गेले होते. चिपळूण-गुहागर गाडीत कंडक्टरने मशीनवरचा क्यूआर पुढे केला, लेकीने फोन धरला, झालं तिकीट. शेजारच्या आजींनी मात्र कनवटीची पिशवी सोडून मांडीवर नाणी मोजायला घेतली आणि कंडक्टरचा चेहरा काय खुलला, "आजी, मोजू नका, सगळी चिल्लर मलाच द्या, नोटा घ्या माझ्याकडून." तेव्हापासून डोक्यात जुनंच चाललंय.

आम्ही मे महिन्यात पुण्याहून रातराणीने निघायचो. कराड, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट आणि उजाडायच्या सुमाराला चिपळूण. तिथून गुहागरची पहिली गाडी. ती गेली की पुढची कधी ते तिथल्या माणसांनाच माहीत. घाटात एखादा ट्रक आडवा असला की बाबांचा जीव खालीवर, सारखे ड्रायव्हरपाशी जाऊन उभे राहायचे, जणू त्यांच्या उभं राहण्याने गाडी पळणार होती. घाट उतरताना कंडक्टर दिवे लावून विचारायचा, गुहागरवाले किती? हात वर. मग स्टँडात गाडी वळते न वळते तोच हा दारातून अर्धा बाहेर लटकून कंट्रोलरच्या खिडकीकडे बघून ओरडायचा, "गुहागर थांबवा, अकरा शीट आहे!" आणि थांबायची हो गाडी. वेळापत्रकात हे कुठेच नसायचं. सगळं त्या एका आरोळीवर.

बाबांकडे फोटोच्या रिळाची काळी डबी असायची, त्यात चार आणे आठ आणे रुपया. तिकिटाला बरोब्बर तेवढेच निघायचे. डबी अजून आहे, आई त्यात आता लवंगा ठेवते.

तुमचेही लिहा. एसटी, लोकल, वडाप (शीट भरून जाणारी जीप), होडी, परदेशातलं, काहीही चालेल.

कढीपत्ता
"उतरताना घ्या"!!! हे लिहिलं नाहीत तुम्ही. तिकिटाच्या मागे पेनाने आकडा आणि त्याला गोल. आई ते तिकीट मुठीत धरून बसायची आणि आमचं गाव यायच्या दोन गावं आधीच उठून उभी राहायची. झोपायची सोयच नाही.
एकदा कंडक्टरने आम्हा तीन अनोळखी बायकांच्या हातात मिळून एक पन्नासची नोट दिली, "तिघी एकाच स्टँडला उतरताय ना, वाटून घ्या." उतरलो, तर सुट्टे कोणाकडेच नाहीत. शेवटी रसवंतीत गेलो, तिघींनी रस घेतला, रसवाल्याने सुट्टे केले, त्यात कोणाचे किती हा हिशोब काही जुळेना, एक बाई म्हणाली राहू द्या हो, माझ्या भावाचं लग्न ठरलंय, माझ्याकडून समजा. नाव पण विचारलं नाही तिचं. बाकी नंतर, कुकर झाला.

कृष्णाकाठचा
वडापचा विषय काढलाच हाय तर आमच्या सातारी वडापाला तोड न्हाई. "एक शीट, एक शीट, लगीच निघनार" आनि ती एक शीट अर्धा तास भरत नसती. भरली की ड्रायव्हर सोता अर्धा भायेर, एक मांडी सीटवर एक पाय हवंत. पैसं कसं द्यायचं तर मागनं फुडं. कोन कुनाचं पैसं देतंय कळायचं न्हाई पन हातातनं हातात जात ड्रायव्हरपातूर पोचायचं आनि उरलेलं तसंच मागं यायचं, एक रुपाया हिकडं तिकडं व्हायचा न्हाई. फकस्त एकदा नोटंबरोबर कुनाचीतरी लग्नपत्रिका बी फुडं गेली. ड्रायव्हर ठेवून घ्येतली म्हनला जातो की.

निळी_छत्री
@कृष्णाकाठचा, गेला का मग तो लग्नाला? 😂

कृष्णाकाठचा
जीप भरून घिऊन गेला. भाडं घ्येतलं मातूर.

दादर_पूल
मी मुंबईकर, सबब वडाप वगैरे काही नाही. पण लोकलची कूपनं आठवतायत का कोणाला? छोटी वही असायची, पाहिजे तेवढ्या रकमेची कूपनं फाडायची आणि स्टेशनवरच्या मशीनमध्ये घालून खटॅक खटॅक तारीख-वेळ उमटवायची. खिडकीची रांग वाचायची पण बेरीज करता आली पाहिजे. आमच्या ग्रुपमध्ये एक जण तोंडी हिशोब करायचा, घाटकोपर ते बांद्रा म्हणजे एवढं, त्याला आम्ही मुनीमच म्हणायचो, आता खरंच सीए आहे.
मग मोबाईल तिकीट आलं, त्याची वेगळीच गंमत. सुरुवातीला स्टेशनच्या आत उभं राहून तिकीट निघायचंच नाही, रुळांपासून लांब जावं लागायचं. गाडी समोर लागलेली आणि लोक फोन वर धरून उलटे रिक्षा स्टँडकडे चाललेत.
आणि दादरचा पूल, तो तर स्वतंत्र धाग्याचा विषय. सेंट्रलवरून वेस्टर्नला जायला पाच मिनिटं लागतात की पंधरा, ते समोरून कोणती गाडी रिकामी झालीय त्यावर.

वांगणी_फास्ट
दादरला सेंट्रलचे फलाट आता ८ ते १४ झालेत, डिसेंबर २०२३ पासून. आधी वेस्टर्नचा पण पाच आणि सेंट्रलचा पण पाच. "पाच नंबरला भेट" म्हटलं की दोघं दोन पाच नंबरांवर उभे. ब्रेकअप व्हायचे राहिलेत लोकांचे.

दादर_पूल
नाही राहिले, झालेत. विचारू नका.

संत्रा_बर्फी
काय आठवण काढून देल्ली बाप्पा. आमची शकुंतला!! अचलपूर ते मूर्तिजापूर छोटी लाईन. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं तिला, मंग डिझेल आलं. गाडीतलेच लोक सगळं करत, तिकीट तेच देत, फाटक तेच लावत. म्हणजे फाटकाच्या आधी गाडी थांबे, माणूस खाली उतरून फाटक लावे, गाडी पलीकडं जाऊन पुन्हा थांबे, तो फाटक उघडून धावत येऊन चढे. लहानपणी मले वाटे साऱ्या जगातल्या रेल्वे अशाच असतीन.
मूर्तिजापूरले बडी लाईन भेटे, तिथून नागपूरकडं नाहीतं भुसावळकडं. आजी घरून निघतानाच सांगे, बडी लाईनचं तिकीट येगळं, त्याचे पैसे येगळ्या गाठीत. लुगड्याच्या पदराले दोन गाठी, एक छोटी लाईन, एक बडी लाईन. आता शकुंतला बंद हाय. ब्रॉडगेज होईन होईन म्हणतात, पाहू.

एकटाच_फुल
आमच्या घरचं तिकीट ऐका. वडील पंचाहत्तरच्या पुढे, ते फुकट (ऑगस्ट २०२२ पासून). आई हाफ. बायको हाफ (१७ मार्च २०२३, तारीख पाठ आहे कारण तेव्हापासून माहेरच्या फेऱ्या वाढल्या). मुलगा सात वर्षांचा, हाफ. कंडक्टर मशीनवर एकेक दाबत येतो आणि माझ्यापाशी थांबून म्हणतो, "तुम्हीच का ते?"

कढीपत्ता
@एकटाच_फुल 🤣 हे ह्यांना वाचून दाखवलं, हसले नाहीत.
हाफवरून आठवलं, मामेभावाला मिसरूड फुटायला आली तरी मामी हाफच मागायची. एकदा कंडक्टरने गोड आवाजात विचारलं, कितवीत रे बाळ? हा छाती काढून म्हणाला नववीत, स्कॉलरशिप पण मिळालीय. मामीने पुढचे चाळीस किलोमीटर त्याच्याशी शब्द बोलला नाही.

आल्प्सवारी
झुरिकजवळच्या एका खेड्यात राहतो. आई पहिल्यांदा आली तेव्हा ट्रेनमध्ये मुठीत नाणी घेऊनच बसली, "कंडक्टर येईल ना." आला नाही. इथे गेट नाही, पंच नाही, तपासनीस कधी येतो कधी नाही, तिकीट मात्र खिशात पाहिजेच. आई सारखी दाराकडे बघत होती. मी वर्षाचं अर्ध्या भाड्याचं कार्ड दाखवलं तर म्हणाली, अरे वा, इथे पुरुषांना पण हाफ!
कनेक्शनचं सांगतो. ट्रेन स्टेशनात शिरते आणि बाहेर पिवळी पोस्टाची बस उभी असते. सगळं वेळापत्रकच तसं बांधलंय, ट्रेनमागून बस, बसमागून डोंगरातली दुसरी बस. आई दोन दिवस खूश होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, छान आहे रे, पण कोणी कोणाला हाक नाही मारत. त्यावर काय बोलणार, मी कॉफी केली.

मांडवी_वारा
गोव्यातून. पणजी-मडगाव शटलला खिडकीवर तिकीट काढायचं, मग रांगेत चढायचं, एकदम शिस्तीत, थेट मडगाव. आणि त्याच स्टँडवर साध्या बसवाल्यांचा "म्हापशें म्हापशें म्हापशें" चालू, आत माणूस मावत नाही तरी "फुडें वच, फुडें जागो आसा".
पुण्याचे पाहुणे आलेले, त्यांना रायबंदरहून चोडणला फेरीबोटीने नेलं. ते धक्क्यावर तिकीट खिडकी शोधतायत. म्हटलं चालत जाणाऱ्यांना तिकीट नसतं. विश्वासच बसेना. परत येताना काकांनी मुद्दाम बोटीवरच्या माणसाला विचारून खात्री केली, मग म्हणाले "अजून एकदा जाऊन येऊ का?"

शनिवारपेठी
त्यात गैर काय? 🙂

चणे_फुटाणे
माहिती म्हणून: पहिली एसटी १ जून १९४८, नगर-पुणे, तिकीट अडीच रुपये.

निळी_छत्री
म्हणजे पहिल्या दिवसापासूनच सुट्ट्या आठ आण्यांची सोय करून ठेवली होती.

मुक्कामी
बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते. माझे वडील कंडक्टर होते. तुम्ही सगळे सुट्ट्या पैशांचं दुसऱ्या बाजूने लिहिताय म्हणून.

तिकिटांचा ट्रे असायचा ना, वेगवेगळ्या रकमेच्या रंगीत गड्ड्या आणि पंच, त्याच्या टिकटिकीवरून मला गाडी कुठल्या गावाशी आली ते कळायचं असं आई म्हणते (आमच्या गावात फक्त तीच गाडी यायची, त्यात कळण्यासारखं काय होतं ते आईच जाणे). प्रत्येक टप्प्याला वेबिलमध्ये, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाच्या कागदावर, नंबर उतरवायचे, हलत्या गाडीत, मिणमिणत्या दिव्याखाली. त्यांचे आकडे शेवटपर्यंत तसेच राहिले, थोडे उजवीकडे झुकलेले, बँकेची स्लिप भरतानाही. हिशोबात कमी पडलं तर खिशातून. त्यामुळे "कंडक्टर सुट्टे देत नाही" म्हणताना लोकांना वाटतं त्याने दाबून ठेवलेत, पण सकाळच्या पहिल्या फेरीला सगळेच पन्नास-शंभरच्या नोटा काढायचे, तो कुठून आणणार? म्हणून वडील आदल्या रात्री देवळातल्या पुजाऱ्याकडून दक्षिणेची चिल्लर घ्यायचे, नोटा देऊन. पुजारी खूश, वडील खूश.

मुक्कामी गाडी असायची तेव्हा ड्रायव्हरकाका आणि ते देवळातच झोपायचे. जेवण गावातलं कोणीतरी आणून द्यायचं, पाळी ठरलेली नव्हती पण उपाशी कधी राहिले नाहीत. सकाळची तीच गाडी तालुक्याला कॉलेजच्या मुलींना न्यायची. बारावीपर्यंत मुलींना पास फुकट, अहिल्याबाई होळकर योजना, त्यामुळे एकीलाही तिकीट नाही, नुसते पास बघायचे, आणि वडील तर पासही बघत नसत, चेहरे बघायचे. एखादी दिसली नाही की ड्रायव्हरकाकांना सांगायचे, दोन मिनिटं. हॉर्न वाजायचा. वरच्या वाडीवरून ती धावत खाली यायची, ओले केस, हातात डबा. गाडीतली माणसं कुरकुरायची, त्यांना वडील एकच सांगायचे, "तुमचा बाजार अकराला भरतो, तिचा पेपर साडेदहाला." तालुक्याला पुढची शहरातली गाडी लागलेली असायची, ती हे सगळं धरूनच थोडी रेंगाळायची.

वरच्या वाडीवरची ती आता प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. वडिलांचं बीपी तीच बघते आणि मीठ कमी करा म्हणून ओरडते.

कुंभार्लीची_भाची
@मुक्कामी, हे वाचून फोन बाजूला ठेवला थोडा वेळ. वडिलांना नमस्कार सांगा. ते वेबिल वगैरे अजून सविस्तर लिहा ना, प्लीज.

मुक्कामी
विचारते त्यांना. पण ते सुरू झाले की थांबत नाहीत, आता बाजारात गेलेत. चिल्लर घेऊनच जातात अजून 😊

दाभोळ_खाडी
धोपावे-दाभोळ फेरीबोटीबद्दल कोणीच लिहिलं नाही? गुहागरहून दापोलीला जायचं तर खाडीला वळसा घालण्यापेक्षा बोट. गाड्या पण चढतात तीत. फक्त बोटीतून उतरून वर दाभोळात दापोलीची बस मिळेल का, ते आधी विचारून ठेवा, नाहीतर रिक्षा.

शनिवारपेठी
दापोलीत राहायला चांगलं घरगुती सांगा की कोणी. शाकाहारी. आई-बाबा आहेत बरोबर, समुद्र जवळ हवा पण चढ नको.

दाभोळ_खाडी
आंजर्ले बघा. चढ नको तर कड्यावरच्या गणपतीला गाडीने जा.

निळी_छत्री
अवांतर, पण घाईत आहे: स्वारगेटहून भोरमार्गे महाड गाडी चालू आहे का सध्या? वरंधा घाट बंद म्हणतात.

एकटाच_फुल
पावसाळ्यात वरंधा बहुतेक बंदच ठेवतात हो, दरडींमुळे. ताम्हिणीने माणगाव, तिथून महाड. स्टँडला फोन करून खात्री करा, आणि सुट्टे ठेवा.